रात्रभर गाडी उभी, तरी बॅटरी रिकामी

प्रश्न : माझी पेट्रोलची छोटी गाडी आहे, 2014 चं मॉडेल. घर चोपड्याला, शाळा आठ-नऊ किलोमीटरवर. गेल्या पावसाळ्यापासून एकच दुखणं आहे. रोज चालवली तर ठीक, पण रविवारला जोडून सुट्टी आली की मंगळवारी सकाळी सेल्फ नुसता कटकट करतो. बॅटरी वॉरंटीत बदलून मिळाली, तीही तशीच निघाली. बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो खोलून कार्बन आणि बेअरिंग टाकले. दुकानदार म्हणाले, चार्जिंग 14.1 व्होल्ट दाखवतंय, एकदम ओके. एका मिस्तरींनी स्टेअरिंगखालच्या पेटीतले सगळे फ्यूज शनिवारी काढून ठेवले, तरी मंगळवारी तेच. मात्र दिवाळीच्या सुट्टीत बॅटरीची वायर काढून आम्ही गावाला गेलो, तर परतल्यावर पहिल्या सेल्फला गाडी सुरू! आता सांगतात, सगळं वायरिंग किटच बदला, 25 हजार लागतील. गल्लीतली पोरं हसतात, “काय मॅडम, आज बी धक्का?” किट बदलू का?

ता. क. मागे बूफर (गाण्यांचा मोठा स्पीकर) आहे, पण तो गाडी घेतल्यापासूनचा. आणि गेल्या जूनमध्ये लाइट चालू राहून बॅटरी उतरली होती, तेव्हा दिरांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी सुरू करून दिली. वायर आधी उलट लागली, मोठी ठिणगी उडाली, पण लगेच सुलट लावली आणि गाडी चालू झाली. त्यामुळे ते कारण नसावं.

— एक शिक्षिका, चोपडा

उत्तर : ताई, किट बदलू नका. 25 हजार घरात राहू द्या. आणि जे तुम्ही ता. क. मध्ये, ‘ते कारण नसावं’ म्हणून लिहिलंत, तेच पत्राच्या पहिल्या ओळीत हवं होतं. इतके मिस्तरी झाले, त्यांच्यापैकी एकानेही तुम्हाला विचारलं नाही, की हे नेमकं कधीपासून आणि त्याच्या आधी गाडीला काय झालं होतं? धुळ्यात आग्रा रोडला दुकानावर गाडी आली की मी बॉनेटला हात लावण्याआधी हेच विचारतो. गिऱ्हाइकाला वाटतं, हा नुसता गप्पा मारतोय.

आता तुमच्या पत्रातच काय काय दडलंय ते पाहू.

वायर काढून ठेवली तर बॅटरी टिकते. म्हणजे बॅटरी आपल्या आपण उतरत नाही, गाडीतलं काहीतरी ती रात्रंदिवस पितंय. बॅटरीला दोष देण्याचा विषय तिथेच संपला. दुसरी बॅटरी बसवून दुकानदाराने तुमचं समाधान केलं, गाडीचं नाही.

स्टेअरिंगखालचे फ्यूज काढूनही उतरते. म्हणजे चोर त्या पेटीतून जाणाऱ्या वायरीवर नाही. आतली लाइट, टेप, सेंट्रल लॉक, मीटर या सगळ्यांची सुटका झाली. पण गाडीत आणखी एक पेटी असते, बॉनेटखाली, बॅटरीच्या जवळ. आणि काही जाड वायरी तर कुठल्याच छोट्या फ्यूजमधून जात नाहीत. सेल्फची जाते थेट बॅटरीवरून. डायनॅमोची येते मोठ्या, नटने कसलेल्या मेन फ्यूजमधून, आणि तो कोणी सहसा काढत नाही. बूफरच्या अँप्लिफायरची जाड लाल वायरही बहुतेक वेळा बॅटरीच्याच टर्मिनलला कसलेली असते. तुमचा बूफर जुना आहे आणि दुखणं नवं, म्हणून त्याच्यावर माझा संशय कमी. तरी त्याच्या वायरीवर बॅटरीजवळ एक फ्यूज असतो, तो एखाद्या शनिवारी काढून पाहा. फुकटचं काम आहे, आधी करून टाकावं.

खरा संशय डायनॅमोवर आहे. तुम्ही म्हणाल, 14.1 आलं ना? आलं. आमच्या धंद्यात सगळ्यांचा पाय इथेच घसरतो. चार्जिंग ओके म्हणजे डायनॅमो ओके, असं धरून चालतात. डायनॅमोत एसी करंट तयार होतो आणि त्याचा डीसी करायला आत एका प्लेटवर डायोड बसवलेले असतात, साधारण सहा. त्यांचं आणखी एक काम असतं, ते म्हणजे गाडी बंद असताना बॅटरीतला करंट उलटा डायनॅमोत शिरू न देणं. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह जसा. तो गळका झाला की मोटार दिवसा पाणी व्यवस्थित फेकते, पण बंद केली की पाइपातलं पाणी हळूहळू परत विहिरीत. एक डायोड अर्धवट मेला तर डायनॅमो चालू गाडीत 14 दाखवतो आणि रात्री बॅटरी उतरवतो.

आणि डायोड मरतो कशाने? बॅटरी उलटी लागल्याने. प्लसला मायनस लागला की डायोडच्या वाटेने करंटचा लोंढा जातो आणि डायोड क्षणात भाजतात. कधी सगळेच जातात, कधी एखादाच अर्धा राहतो. तुमचा बहुधा अर्धा राहिलाय. कार्बन-बेअरिंग बदलताना डायोड प्लेट कोणी तपासली नसणार. तुमच्या पत्रात तर तिचं नावही नाही.

हिशोबही जुळतो. तुमच्या गाडीला साधारण 35 अँपिअर-अवरची बॅटरी असते. बंद गाडी 20 ते 50 मिलिअँपिअर खाते, तेवढं घड्याळ, कॉम्प्युटर आणि लॉकसाठी लागतंच. 50 धरले तरी अर्धी बॅटरी संपायला दोन आठवडे लागतात. पण तीच गाडी 300 खात असेल तर दिवसाला सात अँपिअर-अवरवर गेले. शनिवारी दुपारी उभी केली, तर मंगळवारी सकाळपर्यंत वीस गेले. त्यात तुमचं रोजचं जाणं आठ-नऊ किलोमीटरचं. एवढ्यात रात्रीची तूटच जेमतेम भरून निघते, बॅटरी काठोकाठ कधी भरतच नाही. मग मंगळवारी कटकट नाही तर काय होणार?

आता हे मोजायचं. अंदाजावर डायनॅमो खोलू नका, माझ्या अंदाजावरही नाही. मल्टीमीटर असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा आणि त्याच्याकडून हे समोर उभं राहून करून घ्या. किल्ली काढा, दारं बंद करा, बॉनेट उघडं ठेवा. बॅटरीचा मायनस टर्मिनल सोडा. मीटर 10 अँपिअरवर ठेवून लाल पिन त्याच भोकात घाला, आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सोडलेल्या वायरीला. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. घाबरू नका. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात, अर्धा तास चहा पिऊन या. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचा नाही, दार उघडायचं नाही. नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच.

अर्ध्या तासाने आकडा 50 मिलिअँपिअरच्या (10 अँपिअरवर 0.05) आत असेल तर मी हरलो, मला पुन्हा लिहा. तीन आकडी (0.10 किंवा वर) असेल तर मायनस वायर पूर्ण सोडून डायनॅमोच्या मागच्या नटाची जाड वायर काढायची, तिच्या तोंडाला रबर गुंडाळायचं, मीटर पुन्हा लावून परत थांबायचं. आकडा धपकन खाली आला की चोर सापडला. डायनॅमोच्या वायरीला हात लावताना मायनस सुटलेला आहे ना, हे दोनदा पाहा. त्या वायरीत कायम करंट असतो, पान्हा बॉडीला टेकला की वेल्डिंग होते. हातातली अंगठी, बांगडी काढून ठेवा. आणि मिस्तरीच्या तोंडात विडी असेल तर तीही बाहेर, कारण चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

वायर सोडायची नसेल तर आणखी एक खूण आहे. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून मीटर एसीवर फिरवायचा आणि बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर धरायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड संशयित. जुने लोक सकाळी डायनॅमोला हात लावून बघायचे. रात्रभर उभ्या गाडीचा डायनॅमो कोमट लागला, तर करंट त्यातून जातोय. हे थंडीतच करावं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या पुढे गेल्यावर कोमट काय आणि गार काय!

डायोड प्लेट सुटी मिळते, चांगला वाइंडर (डायनॅमो-मोटारी दुरुस्त करणारा) ती सोल्डर करून बसवतो. 25 हजारांपुढे तो खर्च किरकोळ आहे. जुनी प्लेट परत मागा आणि मिस्तरीला मीटरवर दाखवायला लावा, की कोणता डायोड दोन्ही बाजूंनी करंट सोडतो. चांगल्या डायोडने तो एकाच बाजूने सोडला पाहिजे.

एवढं झाल्यावर बॅटरीकडे या. ती बिचारी इतक्या वेळा तळाला गेली, की प्लेटांवर सल्फेट बसलं असणार, त्यातून आपल्याकडचा उन्हाळा बॅटरीचा वैरी. बाहेर काढून हळू चार्जिंगला लावा, काही तास तशीच ठेवा आणि मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास आली तर छान. 12.2 वर अडकली तर ती अर्धीच भरली आहे. मग लोड टेस्ट (बॅटरीवर ओझं टाकून करायची तपासणी) करून घ्या, वॉरंटी चालू असतानाच. रिकामी बॅटरी गाडी पळवून भरायची सवय सोडा. नवी प्लेट टाकलेल्या डायनॅमोला पहिल्याच दिवशी तेवढं ओझं नको.

दिरांना रागावू नका. ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टचीच असते, त्यावरून गाडी सुरू करण्यात काही वावगं नाही. पुढच्या वेळी आधी लाल वायर दोन्ही प्लसला, मग काळी ट्रॅक्टरच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. म्हणजे ठिणगी उडाली तरी बॅटरीच्या तोंडाशी उडत नाही.

प्रश्न : इंडिकेटर लावला की एका बाजूचा हेडलाइट त्याच तालात मिणमिणतो. बल्ब बदलला, स्विच बदलला. काय असेल?

— एक वाचक, नवापूर

उत्तर : भाऊ, अर्थिंग. आणखी काही बदलू नका. त्या बाजूच्या दिव्यांची काळी किंवा तपकिरी वायर बॉडीला जिथे कसली आहे, तो बोल्ट गंजलाय. करंटला परत जायला वाट नाही, म्हणून तो शेजारच्या दिव्यातून जातो आणि दोघे एका तालात नाचतात. हेडलाइट लावा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि एक त्या दिव्याच्या अर्थच्या पिनेला. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर खात्री पटली. बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, कसा, वर पेट्रोलियम जेली लावा. नवापुराकडे पाऊस आमच्यापेक्षा बराच जास्त, ती जेली विसरू नका. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मात्र टेस्ट लॅम्प लावू नये, कुठल्याच कारणासाठी.

प्रश्न : गाडी केळीच्या बागेजवळच्या शेडमध्ये असते. उंदरांनी वायरी कुरतडल्या, मिस्तरीने टेप मारून दिली. आता कधी इंजिनचा दिवा लागतो, कधी नाही. तंबाखूची पानं ठेवली तर उंदीर येत नाहीत म्हणतात, खरं का?

— एक वाचक, रावेर

उत्तर : चार दिवस येत नाहीत, मग तंबाखूवरच बसतात. दिवा कधी लागतो, कधी नाही, याचं कारण ती टेप. आपल्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते, तांब्याला हवा-पाणी लागून ते हिरवं पडतं, आणि धक्का बसेल तसा जोड लागतो-सुटतो. टेप काढा. हिरवं तांबं कापून टाका, त्याच जाडीचा नवा तुकडा सोल्डर करा, वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा. मग सगळ्या जोडांना जाळीची पाइप घाला. ज्या सेन्सरसाठी दिवा लागतो त्याचा कोड स्कॅनरवर काढून घ्या, म्हणजे वायरींच्या जुडग्यात नेमकी कुठली वायर शोधायची ते कळेल.

उंदरांसाठी शेडमधून चारा, ढेप, रिकामी पोती हलवा. ती तिथे आहेत तोवर उंदीर जाणार नाहीत. गाडी रोज चालवायची नसेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवा. अंधार आणि ऊब मिळाली नाही की ते तिथे बिऱ्हाड करत नाहीत. मात्र बॉनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब आधी काढा, नाहीतर सकाळी तुमचंही पत्र चोपड्याच्या ताईंसारखं येईल.