दुसरी सही

प्रिय पोरी,

जय ख्रिस्त.

तुझा मंगळवारचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. पाळकसाहेब म्हणतात संडे स्कूल घे, गायकमंडळाला पेटीवर तूच हवी, महिला मंडळाला सेक्रेटरी हवी, तरुण संघाचा ग्रुपही तूच चालवायचा आणि वर बी.एड.ची परीक्षा तोंडावर. शेवटी विचारलंस, ‘यातलं माझं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कोणतं?’

पाचारण जरा बाजूला ठेव. मी विचारते त्याचं उत्तर आधी दे. यातल्या प्रत्येक कामात तुझ्यासोबत दुसरं कोण आहे? कागद घे, कामं एकाखाली एक लिही आणि पुढे दोन नावं लिही. एक तुझं, एक दुसऱ्याचं. ज्या कामापुढे दुसरं नाव सुचत नाही ते काम तू घ्यायचं नाही. पाळकसाहेबांनी सांगितलं तरी नाही. प्रभूनं बारा जणांना पाठवलं ते दोघं-दोघं करून, मार्क 6:7 काढून बघ. एकेकटे पाठवले असते तर एका वेळी बारा गावं झाली असती, अशी सहाच झाली. त्याला बेरीज येत नव्हती असं तर नाही ना?

आता अर्पणाचं, कारण तरुण संघाचं अर्पण ‘सध्या माझ्याच पर्समध्ये असतं’ असं तू अगदी सहज लिहून गेलीस. काय व माय! आजच्या आज थांबव. उपासना संपली की पैसे वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या कामाच्या खोलीत, टेबलावर, दार उघडं, मोजायला दोघं. ती दोघं एका घरातली नकोत. नवरा-बायको चालत नाहीत, बाप-लेकही चालत नाहीत. आधी दशांशाची, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शाची, पाकिटं फोडायची. पाकिटावरचा आकडा आणि आतली रक्कम जुळते का बघायचं, नसेल तर पाकिटावरच लिहून दोघांनी सही करायची. मग उपकारस्तुतीचं अर्पण, मग सुटे. 500 च्या किती, 200 च्या किती, 100 च्या किती, असं खाली नाण्यांपर्यंत. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि दोघांचं लिहून होईपर्यंत आकडा मोठ्यानं उच्चारायचा नाही. पहिल्यानं ‘चार हजार तीनशे’ म्हटलं की दुसऱ्याच्या हातात आपोआप तेवढेच भरतात. मग वहीत रक्कम अंकी, अक्षरी, दोन सह्या, पेनानं. सोमवारी बँकेत भरणा, आणि त्याची पावती त्याच पानाला टाचायची.

चूक नेहमी एकाच ठिकाणी होते. माइक दुरुस्त करणारा दारात उभा असतो, म्हणून मोजायच्या आधीच थाळीतून तीनशे रुपये त्याला देऊन टाकतात. ते तीनशे वहीच्या लेखी आलेही नाहीत आणि गेलेही नाहीत. खर्च किरकोळ रकमेच्या डब्यातून, पावती घेऊनच. दुसरी चूक आता नवीन निघाली आहे, ती म्हणजे कुणाच्या तरी खासगी फोनवरचा क्यूआर कोड छापून दाराला चिकटवणं. माणूस देवमाणूस असेल, पण पैसा त्याच्या खात्यात गेला की त्याच्या गॅस सिलिंडरच्या पैशात मिसळला. कोड ट्रस्टच्या खात्याचाच हवा.

31 मार्चला वर्ष संपतं तेव्हा ऑडिटरला हीच पानं लागतात. आणि मंडळीचे पंच, म्हणजे विश्वस्त, बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. 1950 च्या विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यात तसं आहे. ते राहिलं की कागदावर जुनीच नावं राहतात, आणि मंडळीची जमीन मोजायची वेळ येते तेव्हा त्यातली निम्मी नावं आपल्या दफनभूमीत असतात. हे तुझं काम नाही, ठाऊक आहे. पण सेक्रेटरी हो म्हणतात ना, मग सही करण्यापूर्वी विचार की शेवटचा बदल अर्ज कधी गेला.

संडे स्कूलला पस्तीस मुलं आणि एकटी तू. तीन गट कर. 3 ते 6 वर्षं, 7 ते 10, 11 ते 14. प्रत्येक गटाला दोन मोठी माणसं. नसतील तर गट दोन कर, तेवढ्यांनाही माणसं नसतील तर मोठ्या मुलांना उपासनेत बसव. पण एका खोलीत एकच मोठं माणूस कधीच नको, दार बंद तर मुळीच नको. लहान मुलाला बाहेर लघवीला न्यायचं असतं, तेवढ्यात इकडे दोघं बाकावरून पडतात, हे एक कारण. दुसरं तुला कळतंय. 2012 पासून मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा पोक्सो कायदा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. हजेरीच्या वहीत एक रकाना वाढव, ‘घरी कुणासोबत गेलं’.

तासाची आखणी 45 मिनिटांची ठेव. 10 गाणी, 15 गोष्ट, 5 वचन, उरलेली कृती. गोष्ट घरच्या बोलीत सांग. आपल्याकडे निम्मी घरं अहिराणी, निम्मी मावची; ‘मेंढपाळ’ म्हटल्यावर चार वर्षांचं पोर नुसतं बघत राहतं. गोष्ट बोलीत, वचन मराठीत, म्हणजे पोराला कळतंही आणि पाठही होतं. इथेही दुसरा माणूस कामाला येतो. तुला मावची येत नसेल तर जिला येते तीच तुझी दुसरी. मेच्या सुट्टीतली बायबल शाळा सकाळी साडेसातला सुरू करून साडेदहाला संपव. पारा 43 च्या वर जातो तेव्हा अकरानंतर पत्र्याखाली मुलं बसवणं ही सेवा नव्हे. पाण्याच्या 20 लिटरच्या जारचा हिशेब पन्नास मुलांना तीन, आणि एक जार राखीव.

गाण्याचं थोडक्यात, कारण तिथं तू माझ्यापेक्षा जाणकार आहेस. तरी एक बोलतेच. तुझ्या गळ्याची पट्टी म्हणजे मंडळीची पट्टी नव्हे. तू पेटीच्या काळी चारला सुरू करतेस, पुरुष दुसऱ्या कडव्यात गप्प होतात आणि तू म्हणतेस मंडळीत जोर नाही. पांढरी एक किंवा काळी एक धर, चाल तार रिषभाच्या वर नेऊ नकोस. रविवारी चार गीतं पुरे, त्यात नवीन एकच, आणि तेच लागोपाठ तीन रविवार. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंगा-भजनाचा साचाच उचलला तो उगीच नाही. एक ओळ पुढच्यानं म्हणायची, तीच मागच्यांनी, म्हणजे वाचता न येणारी म्हातारीही गाते. पडद्यावरच्या शब्दांवर विसंबू नकोस, वीज गेली की सगळे मुके. गीतपुस्तकाच्या दहा प्रती बाकांवर असू देत. आणि पेटी शिकणारं एक पोर शेजारी बसव, या रविवारपासून. तुझी परीक्षा असेल त्या रविवारी काय, मंडळीनं टाळ्यांवर गायचं?

घरभेटी. तू विचारलंस की मिरचीच्या हंगामात बायका येत नाहीत, त्यांना ‘थंड’ म्हणायचं का. कुणी शिकवलं हे तुला? नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, दिवसाच्या मजुरीवर असणारी बाई रविवारी आली नाही तर तिचा विश्वास थंड होत नाही, तिची चूल थंड होते. तिच्याकडे संध्याकाळी सातनंतर जा, तिच्या हाताची आग होत असते हे लक्षात ठेव आणि वीस मिनिटांत ऊठ. दिवाळीनंतर जी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांची यादी ती जाण्याआधी कर. कुटुंब, फोन, मागे राहिलेली म्हातारी माणसं, शाळेसाठी ठेवलेली मुलं. मागे राहिलेल्यांकडे महिन्यातून दोनदा. होळीला लोक परत येतात तेव्हा सभासदांच्या यादीत त्यांचं नाव खोडलेलं सापडता कामा नये. हे फार मंडळ्यांत होतं आणि मग ती घरं परत येत नाहीत.

भेटीला दोघींनी जायचं. जेवणाच्या वेळी नाही. एक छोटं स्तोत्र, त्यांचं ऐकणं, प्रार्थना. आणि एका घरातलं दुसऱ्या घरात ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून न्यायचं नाही. आपल्यात चहाडीला प्रार्थनेचं लुगडं नेसवायची फार वाईट खोड आहे. दोघी असल्या की एकीची जीभ सुटली तर दुसरी तिचा पदर ओढते.

हंगाम सणाच्या, म्हणजे पिकाच्या उपकारस्तुतीच्या सणाच्या, लिलावात यंदा तू लिहायला बसणार आहेस म्हणे. पुकारणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, रोख घेणारा तिसरा. रकाने पाच: वस्तू, नाव, रक्कम, रोख, बाकी. केळीचा घड, कोंबडी, भोपळा, मिरचीची गोणी, सगळं भावनेच्या भरात दुप्पट-तिप्पट चढतं आणि बाकी पुढच्या हंगामापर्यंत राहते. बोली संपली की तिथल्या तिथं विचार, ‘रोख की कधी?’ आणि तारीख लिही. बाकीदारांची यादी व्यासपीठावरून वाचायची नाही, दोघांनी घरी जाऊन सांगायचं.

प्रीतिभोजनाची काळजी करू नकोस, त्या बायकांना तुझ्यापेक्षा जास्त येतं. वरण-बट्टीला शंभर माणसांमागे 15 किलो रवाळ दळलेलं पीठ, 5 ते 6 किलो तूरडाळ, भाजीला 15 किलो वांगी. फक्त वाढपी दोन रांगांना दोन-दोन ठेव आणि शेवटच्या पंगतीचं आधी बाजूला काढून झाकायला लाव. शेवटच्या पंगतीत नेहमी तीच घरं असतात. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाढण्यावरूनच सुरू झाला, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात वगळलं जात होतं म्हणून. त्यावर प्रेषितांनी प्रवचन दिलं नाही, सात माणसं नेमली.

मयतीचं मात्र शिकून घे, तरुणांना ते कुणी शिकवत नाही. आपल्या उन्हाळ्यात वेळ कमी असतो. सुताराचा, बर्फवाल्याचा, खड्डा खणणाऱ्यांचा नंबर वेस्ट्रीच्या भिंतीवर हवा, मंडळीच्या एकाच वडिलांच्या (एल्डरच्या) फोनमध्ये नको. खड्डा साधारण सात फूट लांब, अडीच ते तीन फूट रुंद, पाच-सहा फूट खोल. काळ्या मातीत पावसाळ्यात कडा ढासळतात, म्हणून वरचं तोंड रुंद घ्यायचं आणि निघालेली माती काठापासून दोन-तीन फूट लांब टाकायची. शवपेटी सोडायला दोन जाड दोर, प्रत्येकी वीस-बावीस फूट. सुतळीची दोरी ऐनवेळी तुटते. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, घरच्यांना त्या दिवसांत सुचत नाही, तर मंडळीतल्या दोघांनी नगरपालिकेत सोबत जायचं.

मला मागे ‘दोन सह्यांची बाई’ म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणोत. कुणावर भरवसा नाही म्हणून मी दुसरी सही मागते असं ज्यांना वाटतं त्यांना कळलेलंच नाही. एकट्यानं मोजणाऱ्याचे पैसे बरोबर असतात, पण ते बरोबर आहेत हे सांगायला त्याच्याकडे कुणी नसतं. यरुशलेमची मदत नेताना पौलानंही तीताबरोबर दुसरे बंधू पाठवले, पैशावरून कुणी बोट दाखवू नये म्हणून. पौलावर संशय होता का? मी वही फार वर्षं एकटीनं लिहिली. पैशाचीही चूक नव्हती तिच्यात. पण माझे डोळे अधू झाले त्या दिवशी ती वही वाचू शकणारं मंडळीत दुसरं कुणी नव्हतं, आणि त्याला मी ‘माझी सेवा’ म्हणत होते. म्हणून तुझ्यावर चिडते, कारण तू त्याच वाटेनं निघाली आहेस आणि माझ्यापेक्षा वेगानं.

थकलीस म्हणतेस, ते पाचारण चुकल्यामुळे नाही. चार कामं एकटीनं ओढल्यावर बैलही बसतो. संडे स्कूल ठेव, पेटी ठेव, दोन्हींत दुसरी माणसं घाल. सेक्रेटरीपदाला या वर्षी नाही म्हण. मी सांगितलं म्हणून सांग, मला वाईटपणा घ्यायची सवय आहे. ग्रुपला दुसरा ॲडमिन आजच कर.

रविवारी उपासनेनंतर थांब. तरुण संघाचे पैसे पर्समधून काढून आण, किती आहेत ते आधी मला सांगू नकोस. तू मोज, मी मोजते. चष्मा घेऊन येते.

तुझी,
मावशी

ता. क. प्रभुभोजनाचा रस शनिवारी सकाळी करून ठेवलास म्हणे. एप्रिलमध्ये तो रात्रीतून आंबतो. पाव किलो काळ्या मनुका शनिवारी रात्री लिटरभर पाण्यात भिजत घाल, पहाटे उकळ, कुस्करून गाळ, गार होऊ दे. लहान पेल्यांनी ऐंशी-नव्वद जणांना पुरतो. गाळणं कुणाच्या तरी हातात दे, एकटीनं पातेलं उचलू नकोस.