वाचकांचे प्रश्न : एका रात्रीचा तंबू

प्रश्न : डिसेंबरात आम्ही चौघे जांबोटीजवळ मित्राच्या शेतात एक रात्र तंबू ठोकणार आहोत. गाडीपासून अर्धा तास चालायचं आहे. खायला काय न्यावं? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : आधी पाण्याचा हिशोब करा. पिणं, चहा, स्वयंपाक, भांडी धरून माणशी ४ लिटर, म्हणजे चौघांचं १६ किलो ओझं. शेतात विहीर असेल तर पिण्यापुरतं माणशी २ लिटर न्या. विहिरीचं प्यायची वेळ आलीच तर उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळत ठेवा.

रात्री खिचडी. ३०० ग्रॅम तांदूळ आणि १५० ग्रॅम मूगडाळ घरीच धुऊन, सुकवून, कोरडी भाजा. हळद, तिखट, जिरं, मीठ घालून एकाच पिशवीत भरा. भाजल्याने खिचडीचा गोळा होत नाही. पोचल्या पोचल्या भिजत टाका आणि मगच तंबूला हात लावा. अर्धा तास भिजली की गॅस कमी लागतो. उघड्या पातेल्यात वाटीला चार वाट्या पाणी धरा.

भाकरी गरम असताना डब्यात बंद केली की वाफेचं पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. पूर्ण निववून कापडात बांधा. त्यापेक्षा आपल्याकडची कडक भाकरी बरी: तिच्यात ओलच नसते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र घरीच राहू दे. चालताना तोंडात टाकायला गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची वडी. कुंदा, आपली खव्याची मिठाई, परत आल्यावर खा, सॅकमध्ये त्याचा लगदा होतो.

प्रश्न : पाऊस नसताना सकाळी तंबू आतून ओला का होतो? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : तंबू गळत नाही, ते तुमच्याच श्वासाचं बाष्प आहे. बाहेर गारठा, आत माणसं, आणि थंड कापडावर थेंब. थंडीला घाबरून सगळ्या चेनी लावल्या की हमखास होतं. वरच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि दोऱ्या ताणा, म्हणजे बाहेरचं कापड आतल्याला चिकटणार नाही. मलप्रभेच्या अगदी काठाला तंबू नको. थंड, दमट हवा सखल जागी साचते. थोडं वर सरका, पण वाळलेल्या फांदीखाली नको. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत दुमडा, नाहीतर दव आणि पाऊस तिच्यावर उतरून तुमच्या पाठीखाली येतो.

प्रश्न : दोन ब्लँकेटं घेऊनही थंडी वाजते.

उत्तर : एक खाली घाला. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. फोमची मॅट आणि वर घोंगडी असेल तर उत्तम. लोकर दमट झाली तरी ऊब धरते.

प्रश्न : छोटा गॅस पुरेल का? रेल्वेने लोंढ्याला जाणार आहोत.

उत्तर : चौघांची खिचडी आणि दोन वेळचा चहा यांना २३० ग्रॅमचा डबा पुरतो. रेल्वेत तो नेता येत नाही, तेव्हा गाडीची सोय बघा किंवा कोरडं खाणं न्या. वारा अडवायला आडोसा करा, पण शेगडी थेट डब्यावर बसत असेल तर पत्र्याने चहूबाजूंनी वेढू नका. डबा तापून फुटू शकतो.

प्रश्न : भीमगडच्या जंगलात तंबू लावता येईल का?

उत्तर : वन खात्याच्या परवानगीशिवाय नाही, ते अभयारण्य आहे. परवानगी मिळाली तरी अस्वलांचा भाग आहे. खाण्याचे डबे आणि खरकटी भांडी तंबूत ठेवू नका, गाडीत बंद करा.