नोंद त्याच दिवशी करा

नोंदवही नव्याने सुरू करताय, तर एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: घडलं त्याच दिवशी लिहा. "एवढं कसं विसरेन?" असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं. पण आठवण नुसती पुसट होत नाही, ती बदलते, आणि बदलल्याचं आपल्याला कळतही नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं, तर अनेकांची उत्तरं पार वेगळी होती आणि तरीही ठाम होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवूनही मूळ आठवण परतली नाही.

म्हणून पाहिलेलं, ऐकलेलं आणि आपला अंदाज वेगवेगळं लिहा. तारीख, वेळ, कोण हजर होतं, एवढं पुरे. भाषा सजवत बसू नका. पुढे चूक सापडली तर जुनं खोडू नका, खाली नवी तारीख टाकून दुरुस्ती लिहा. (ती चुकीची ओळच पुढे बरंच काही सांगून जाते.) फोटोवर फार विसंबू नका: त्यात चेहरे उरतात, कोण काय म्हणालं ते उरत नाही.