अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखही नसताना तिथे दोन पक्ष इतक्या लवकर कसे उभे राहिले?

पहिली फूट जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मंत्रिमंडळातच पडली, आणि तिचे मूळ पैशाच्या प्रश्नात होते. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी 1790 मध्ये राज्यांची युद्धकर्जे केंद्राने स्वतःकडे घ्यावीत असा प्रस्ताव मांडला आणि 1791 मध्ये राष्ट्रीय बँक स्थापन करवून घेतली. राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, असा अधिकार दिलेलाच नाही, असे म्हणत परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन आणि काँग्रेसमधील जेम्स मॅडिसन यांनी बँकेला विरोध केला. गंमत म्हणजे, हेच मॅडिसन काही वर्षांपूर्वी राज्यघटनेच्या समर्थनार्थ हॅमिल्टन यांच्या बरोबरीने लेख लिहीत होते. 1793 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटल्यावर, कोणाकडे झुकायचे या प्रश्नामुळे, हा वाद मंत्रिमंडळाबाहेर, वृत्तपत्रांत आणि सभांत पोहोचला, आणि ब्रिटनशी झालेल्या ‘जे करारा’ने (वाटाघाटी करणारे जॉन जे यांच्या नावाचा करार) तर हॅमिल्टन यांच्या बाजूचे फेडरलिस्ट आणि जेफरसन-मॅडिसन यांच्या बाजूचे रिपब्लिकन अशा दोन उघड फळ्या पडल्या. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी या जुन्या पक्षाची गल्लत करू नये.) माझ्या मते, बँकेपेक्षा या करारानेच सामान्य मतदार पक्षांकडे ओढला गेला. 1796 मध्ये वॉशिंग्टन यांनी निरोपाच्या निवेदनात गटबाजीविरुद्ध इशारा दिला खरा, परंतु त्याच वर्षीची निवडणूक पक्षीय चुरशीने लढली गेली आणि दुसऱ्या क्रमांकाची मते मिळवणारा उपाध्यक्ष होई, या तेव्हाच्या नियमामुळे फेडरलिस्ट जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष, तर त्यांचे प्रतिस्पर्धी जेफरसन उपाध्यक्ष झाले.