इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प घरी रेकॉर्ड करायचाय, माइक कोणता घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५ वॅटचा ट्यूब ॲम्प, त्यात १२ इंची एकच स्पीकर, दोन इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आणि गाण्यासाठी घेतलेला एक कंडेन्सर (वीज लागणारा, बारीक आवाजही टिपणारा माइक) घरात आहे. आता शुअरचा एसएम ५७ घ्यावा, आहे त्यात भागवावं, की जरा जास्त पैसे घालून रिबन (धातूच्या पातळ पट्टीने आवाज पकडणारा माइक) घ्यावा?

एसएम ५७ घ्या. सोबत एक भक्कम स्टँड घ्या, माइकच्या वजनाने ज्याची दांडी हळूहळू खाली येणार नाही असा. रिबनचं नंतर बघू.

कारण गिटारचा स्पीकर मुळात सगळं ऐकवणारा स्पीकर नाहीच. उदाहरणार्थ, सेलेस्टियन कंपनीचे १२ इंची स्पीकर. साधारण ७० ते ५००० हर्ट्झ एवढाच त्यांचा पल्ला, त्यापुढे आवाज झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शनमधला कर्कश चरचराट स्पीकर गाळून टाकतो, म्हणून तर ती गिटारसारखी ऐकू येते. त्यामुळे २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकणारा माइक समोर ठेवून वरच्या पट्टीत हाती फारसं काही लागत नाही. ५७ हा १९६५ सालचा डायनॅमिक (वीज न लागणारा) माइक. खालचा बास तो थोडा सोडून देतो आणि ५-६ किलोहर्ट्झच्या आसपास थोडा उचलून ऐकतो, म्हणजे नेमकी जिथे गिटारची धार असते तिथे. एकटी गिटार ऐकली तर आवाज पातळ, जरासा नाकातला वाटेल. तेवढ्यावरून माइकला नावं ठेवू नका, ड्रम आणि बास गिटार लावून मग ऐका. बासची जागा तो आधीच मोकळी ठेवतो.

आता खरी मेहनत: माइक ठेवायचा कुठे? माझ्या मते दोन चांगल्या माइकमध्ये जेवढा फरक असतो, त्याहून जास्त फरक एकच माइक दोन बोटं सरकवल्याने पडतो. खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च जाळीच्या कापडाला टेकवून धरा. आतला कोन (स्पीकरचा कागदी शंकू) दिसेल आणि मधोमध डस्ट कॅपचा (शंकूच्या मध्यावरच्या झाकणाचा) गोल दिसेल. त्या गोलाच्या मध्याच्या सरळ रेषेत, कॅबिनेटच्या वरच्या कडेला मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. मध्यावर माइक रोखला तर आवाज सगळ्यात चकचकीत, बऱ्याचदा टोचणारा. कडेकडे सरकाल तसा तो मऊ आणि गडद होत जातो. सुरुवात डस्ट कॅपची कड आणि कोन जिथे मिळतात तिथून करा, कापडापासून दोन-तीन सेंटीमीटरवर, माइक सरळ रोखून. आवाज बोचला तर बाहेर सरकवा. बास फार वाटला तर मागे घ्या, कारण असे माइक स्पीकरला जितके चिकटतील तितका बास फुगतो. दहा सेंटीमीटर मागे आलात तरी फरक कळेल.

एकट्याने हे करताना हेडफोनवर विश्वास ठेवू नका, खोलीतला ॲम्प आरपार ऐकू येतोच. प्रत्येक जागी तीच चार बारची रिफ वाजवा, त्याआधी जागा तोंडाने बोला ("कडेवर, सरळ", "एक बोट बाहेर") आणि नंतर ॲम्प बंद करून सगळे तुकडे एका दमात ऐका. लूपर पेडल असेल तर आणखी बरं. तीच रिफ वाजत राहते, हात माइक हलवायला मोकळे.

तुमचा कंडेन्सर वाया जाणार नाही. क्लीन गिटार, कोरस, सावकाश वाजवलेले आर्पेजिओ यांना तो छान लागतो, फक्त अर्धा-एक मीटर लांब ठेवा. अगदी जवळ ठेवायचाच असेल तर तो किती आवाज सोसतो ते बघा. १ वॅटला १ मीटरवर १०० डेसिबल देणारे गिटार स्पीकर आहेत, आणि १५ वॅट म्हणजे त्यावर आणखी सुमारे १२ डेसिबल. जाळीपाशी आकडा त्याहून वर जातो. नॉयमनच्या यू ८७ सारख्या महागड्या माइकचीही कमाल मर्यादा पॅडशिवाय (पॅड म्हणजे माइकमध्ये येणारा आवाज कमी करणारी सोय) ११७ डेसिबल लिहिलेली असते. तुमच्या माइकवर पॅडचं बटण असेल तर दाबा. आणि लांब ठेवलेल्या कंडेन्सरला पंखा, शेजारच्यांचा कुकर, खालची रिक्षा, सगळं ऐकू जातं. पंखा तरी बंद करा, मे महिना असला तरी.

रिबनचा मोह मला समजतो. टोचरा ॲम्प त्याच्यासमोर गुळगुळीत होतो, गिटार अंगाने भरते. जिमी हेंड्रिक्सच्या गिटारसमोर त्याचे रेकॉर्डिंग इंजिनिअर एडी क्रेमर बायरडायनामिकचा एम १६० हा रिबन माइक लावत. जुने रिबन दणदणाटापुढे नाजूक होते. रॉयरचा आर १२१ हा रिबन मोठ्या ॲम्पसमोर बिनधास्त ठेवता येतो म्हणूनच इतका चालला. पण बहुतेक रिबन पाठीमागूनही तितकंच ऐकतात. दहा बाय दहाच्या खोलीत, मागे उघडी भिंत असताना, ती भिंतही तुमच्या गिटारमध्ये येणार. शिवाय बऱ्याच छोट्या इंटरफेसना ४८ व्होल्ट फँटम पॉवरचं (केबलमधूनच माइकला वीज देण्याचं) बटण दोन्ही इनपुटना मिळून एकच असतं. कंडेन्सरसाठी ते चालू केलं की साध्या रिबनलाही वीज जाते. केबल धड असेल तर सहसा काही होत नाही, पण केबल सदोष निघाली की रिबनची पातळ पट्टी ताणली जाऊ शकते. तुमच्याकडे कंडेन्सर आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

५७ आणि कंडेन्सर दोन्ही एकदम लावलेत तर फेज (दोन्ही माइकमधल्या आवाजलहरींचा ताळमेळ) सांभाळा. दोघांच्या अंतरात १७ सेंटीमीटरचा फरक असेल तर आवाज एकात अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि एकत्र केल्यावर १ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. नेमकी गिटारच पोकळ होते. सोपा उपाय आहे: एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करा, आवाज जास्तीत जास्त भिकार होईपर्यंत एक माइक थोडा थोडा सरकवा आणि मग पोलॅरिटी पूर्ववत करा. लांबचा माइक मात्र निव्वळ खोलीच्या घुमाऱ्यासाठी असेल तर एवढा काथ्याकूट नको, तो हळू आवाजात मिसळा.

रात्री दहानंतर शेजारी दार वाजवत असतील तर लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पला जोडायची पेटी) आणि कॅबिनेटचे इम्पल्स रिस्पॉन्स (कॅबिनेटच्या आवाजाची डिजिटल नक्कल) हा बरा मार्ग आहे. पण लोड बॉक्स नसताना स्पीकरची वायर काढून ट्यूब ॲम्प चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आणि ५७ घेताना नुसतं स्वस्त बघून ऑनलाइन मागवू नका, या माइकच्या नकला बाजारात भरपूर आहेत. अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट घ्या. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. अस्सल माइक केबलशिवाय सुमारे २८४ ग्रॅम भरतो. बराच हलका भरला तर त्याच दिवशी परत करा. वजन बरोबर भरलं म्हणजे अस्सलच असं मात्र नाही, तेव्हा बिल जपून ठेवा.