एका नव्या पानासाठी साऱ्या विकीची बांधणी

प्रश्न : आमच्या मंडळाची किल्ल्यांविषयीची काही हजार पानांची विकी ‘इकिविकी’त (मजकुराच्या फायलींपासून वेबपाने बांधणाऱ्या संगणकप्रणालीत) आहे. एक पान वाढवले तरी बांधणीला फार वेळ लागतो. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी आज्ञेत ‘सेटअप’सोबत ‘रिफ्रेश’ आहे ना, हे पाहावे, कारण नुसत्या ‘सेटअप’ने सारी पाने नव्याने बांधली जातात, तर ‘रिफ्रेश’ने केवळ बदललेली आणि त्यांवर अवलंबून असलेली. खरी मेख या अवलंबित्वातच असते : बाजूपट्टीत सर्व पानांचा नकाशा, म्हणजे त्यांच्या दुव्यांची यादी, घातलेला असेल, तर नवे पान येताच ती पट्टी मिरवणारे प्रत्येक पान पुन्हा बांधावे लागते. माझ्या मते तो नकाशा स्वतंत्र पानावर हलवणे हाच सर्वांत गुणकारी उपाय आहे. मुख्य साचा (सर्व पानांची मांडणी ठरवणारी फाइल) बदलल्यावर मात्र पूर्ण बांधणी टळत नाही. ती रात्री करावी.