पदवीची फी नंतर, आधी मुलीच्या पॉलिसीचे हप्ते थांबवा

नाशिकच्या एका वाचक शिक्षिकेचे पत्र. वय 36, खासगी शाळेत पूर्वप्राथमिक विभागात नोकरी, हातात येणारा पगार 46,000. यजमानांचा छपाईचा व्यवसाय, उत्पन्न कमीजास्त. दोघांच्या नावावर गृहकर्ज, त्यातले 24 लाख बाकी. बँकेत अडीच लाखांची मुदत ठेव, महिना 4,000 ची एसआयपी. एका खासगी विद्यापीठाचा मानव विकास आणि कुटुंब अभ्यास या विषयातला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांना नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी ऑनलाइन करायचा आहे. फी 3 लाख 60 हजार. प्रश्न एवढाच: 13 टक्क्यांचे शैक्षणिक कर्ज घ्यावे की ठेव मोडावी?

पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे: ‘मुलीच्या नावे 80,000 हप्त्याची पॉलिसी आहे, तिला हात लावायचा नाही, ती तिच्या शिक्षणाची सोय आहे.’

मॅडम, मला आधी त्या पॉलिसीबद्दलच बोलायचे आहे.

तुम्ही पाठवलेल्या कागदावर विमाधारक म्हणून तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीचे नाव आहे. म्हणजे विमा तिच्या आयुष्याचा आहे. तिच्या उत्पन्नावर घरातले कोणी अवलंबून नाही. घर चालते तुमच्या पगारावर, आणि तुमच्या आयुष्याचा विमा आहे जेमतेम 5 लाखांचा, तोही 2015 सालचा. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर ही पॉलिसी एक रुपया देणार नाही. पालकाच्या मृत्यूनंतर हप्ता माफ होण्याचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचे जादा कलम, तेही घेतलेले नाही. यजमानांना 24 लाखांचे कर्ज फेडता फेडता वर हे 80,000 भरत बसावे लागेल. शिक्षणाची सोय म्हणून हे तुमच्या गळ्यात मारणाऱ्याने तुमच्या विम्याची चौकशीसुद्धा केली नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आता परतावा. 12 वर्षे 80,000 भरायचे, म्हणजे 9 लाख 60 हजार, आणि सोळाव्या वर्षाअखेर मिळणार साधारण 15 लाख. ‘दीडपटीहून जास्त’ असे तुम्हाला सांगितले गेले. वर्षाचा हिशेब केला तर हे सव्वाचार टक्के होतात. हेच पैसे पीपीएफमध्ये 7.1 टक्क्यांनी गेले असते तर 20 लाखांच्या वर झाले असते. ‘कर वाचतो’ हेही विसरा. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुम्हाला करच नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावटही जुन्या प्रणालीतच मिळते, तेव्हा विद्यापीठाच्या प्रतिनिधीने दाखवलेले ते आमिषही तुमच्या कामाचे नाही.

तीन हप्ते भरून झाले आहेत. आज सरेंडर केलीत, म्हणजे मुदतीआधी मोडलीत, तर भरलेल्या 2 लाख 40 हजारांतले जेमतेम 35 टक्के, म्हणजे 84,000 च्या आसपास हातात येतील. ते करू नका. पॉलिसी पेड-अप करा: पुढचे हप्ते बंद, आणि मुदतीअखेर अडीच-पावणेतीन लाख मिळतील. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये टाकले तर पॉलिसी चालू ठेवण्यापेक्षा लाख-सव्वा लाखच जास्त मिळतील, हेही सांगून ठेवतो. माझे कारण ते नाही. दरवर्षी अडकणारे 80,000 मोकळे होतात, हे कारण आहे.

त्यातून पहिला खर्च तुमच्या स्वतःच्या 1 कोटीच्या टर्म विम्याचा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याचा. साठाव्या वर्षापर्यंतचा, साधी पॉलिसी, हप्ते परत मिळण्याची योजना नको. वर्षाला 12 ते 15 हजार लागतील. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. प्रकृतीची माहिती लपवू नका. यजमानांचाही असाच विमा हवा, पत्रात त्याचा उल्लेख नाही.

आता तुमचा प्रश्न. कर्ज नको, ठेवही मोडू नका. यजमानांचा धंदा मंद असेल त्या महिन्यांत घराला तीच ठेव लागेल. 3 लाख 60 हजारांवर 13 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता 8,200 येतो आणि व्याजच 1 लाख 30 हजार जाते. एवढा हप्ता झेपेल असे तुम्हीच लिहिले आहे ना? मग तेच 8,200 दरमहा बाजूला ठेवा. वर्षाचे 98,000 आणि पॉलिसीतले उरलेले 65,000 मिळून 1 लाख 63 हजार. वर्षाची फी 1 लाख 80 हजार. 17,000 कमी पडतात, त्यासाठी एसआयपी वर्षातून पाच महिने थांबवा. फी सत्रागणिक भरा, एकरकमी सवलतीच्या मोहात पडू नका. अभ्यासक्रम मध्येच सुटला तर त्या पैशांसाठी भांडत बसाल.

पण ही फी द्यावी का, हे अजून ठरलेले नाही. ‘पदवीनंतर समुपदेशन सुरू करून महिना लाख मिळतील’ हा आकडा प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांना सांगितला जातो; मी तो हिशेबात धरणार नाही. या पदवीने तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले वेगळे शिक्षण आणि नोंदणी लागते. मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम तर यूजीसीने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून बंदच केले आहेत. म्हणून तुमच्या अभ्यासक्रमाचे नेमके नाव आणि तुमचे सत्र यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या मान्यता यादीत आहे का, ते स्वतः पाहा. प्रतिनिधीच्या मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. अभ्यासक्रमात मुलांसोबत आणि कुटुंबांसोबत प्रत्यक्ष कामाचे किती तास आहेत तेही विचारा, आणि एसएनडीटी किंवा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पूर्णवेळ मानव विकास अभ्यासक्रमाशी ताडून बघा. तास नगण्य असतील तर 3 लाख 60 हजार देऊ नका.

तुमच्या शाळेने मात्र एक खरी गोष्ट सांगितली आहे: पदवीनंतर विभागप्रमुखपद आणि 8,000 ची वाढ. वर्षाचे 96,000, म्हणजे पावणेचार वर्षांत फी वसूल. लहान मुलांचे आणि त्यांच्या घरांचे शास्त्र नीट शिकलेली विभागप्रमुख शाळेला हवीच असते, तेव्हा हे लेखी मागायला संकोच करू नका. फीचा काही भाग उचलाल का, तेही त्याच भेटीत विचारा. शाळेने लेखी दिले, यादीत नाव सापडले आणि प्रत्यक्ष कामाचे तास पुरेसे असले, तर जरूर प्रवेश घ्या. तिन्हींपैकी एक जरी नसले, तर यंदा थांबा.

मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते उघडणे मात्र लांबवू नका. दहावा वाढदिवस उलटल्यावर ते उघडता येत नाही. वर्षाला 250 भरले तरी खाते चालू राहते, फीची दोन वर्षे संपली की मोकळे झालेले पैसे त्यात वळवा. व्याज 8.2 टक्के आहे, दर तिमाहीला सरकार ते ठरवते. ती 18 वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते. पॉलिसीचा पुढचा हप्ता मार्चमध्ये आहे आणि मुलीचा वाढदिवस जुलैत, तेव्हा कंपनीला पत्र आणि पोस्टातले खाते ही दोन्ही कामे फेब्रुवारीतच उरका.